छातीत दुखत नाही

३ मे

वही फुकट मिळाली म्हणून लिहिते आहे. विकत आणून त्यात स्वतःचं रडगाणं लिहिण्याइतकी मी हौशी नाही.

आज ऑफिसने आम्हा सगळ्यांना दोन तास एका प्रशिक्षकासमोर बसवलं. आमचं काम रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेण्याचं. या वर्षात तिघीजणी नोकरी सोडून गेल्या, एक तर खुर्चीतच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. आम्ही माणसं वाढवा म्हणत होतो. त्यांनी एकच माणूस पाठवला, तोही बोलायला.

माणूस तरतरीत होता. म्हणाला, ताण वाईट नसतो, ताण वाईट असं मानणं वाईट. तसं मानणारेच आजारी पडतात. छाती धडधडली, हाताला घाम सुटला की घाबरू नका. शरीर तुमच्यासाठी तयारी करतंय. त्याला म्हणा, ये बाबा, बरं झालं आलास. मग या वह्या वाटल्या. डाव्या पानावर आजचा ताण, उजव्या पानावर त्याने आपल्याला काय दिलं ते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सावकाशताई बसते. प्रत्येक फोनवर तिचं पहिलं वाक्य 'सावकाश बोला', म्हणून हे नाव. ती कानात म्हणाली, "डावीकडे सासूबाई लिहिते गं, पण उजवीकडे काय लिहू? नवरा?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला ते खरं असायला हवं होतं. एकोणीस वर्षं या खुर्चीत गेली. आठवड्यातले चार दिवस डोकं फुटायला येतं. बुडत्याला काडीचा आधार.

घरी ह्यांना सांगितलं. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. सव्वीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकच्या भरवशावर जगलेला माणूस. जेवतानासुद्धा पाय टेबलाखाली ब्रेक शोधत असतो. ऐकून म्हणाले, "म्हणजे काल काकूंनी मला दुभाजकावर चढवलं, ती माझी तयारी चालली होती तर." काकू म्हणजे त्यांची सध्याची शिकाऊ. बासष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या.

९ मे

डावं पान : एका बाईचा फोन, मूल पाण्याच्या टाकीत पडलेलं. माझी छाती धाडधाड. उजवं पान : मी मनात 'ये बाबा' म्हटलं आणि खरंच आवाज स्थिर राहिला. बाईला छाती कशी दाबायची ते आकडे मोजत सांगत राहिले. मूल वाचलं की नाही ते आम्हाला कळत नाही, कधीच कळत नाही. पण आज डोकं दुखलं नाही.

१६ मे

सलग आठ दिवस डोकेदुखी नाही. गोळ्यांचं पाकीट मागच्या खणात टाकलं. सावकाशताई म्हणाली, "तुला काय लॉटरी लागली का?"

ह्यांची दाढ दुखते आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन महिने बंद. तीन मजले चढून आले की जबडा धरतात, जरा बसले की राहतं. म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे जा. ह्यांना दातांच्या डॉक्टरची लहान पोरासारखी भीती.

२३ मे

दात ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणाले, झोपेत दात खात असाल, ताणाने होतं. मी म्हटलंच. दिवसभर दुसऱ्याच्या हातातल्या स्टिअरिंगकडे डोळे लावून बसायचं, जबडा आवळलेलाच असणार.

ह्यांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. ताण, तयारी, स्वागत. हे शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकत होते. मग म्हणाले, "पण तुला कसं कळतं गं, की ही तयारीच आहे म्हणून? दुसरं काही असलं तर?"

मी म्हटलं, "अहो, एकोणीस वर्षं दिवसाला शंभर माणसं ऐकते. घाबरलेला कोण आणि आजारी कोण, हे मला पहिल्या दोन वाक्यांत कळतं."

ते खोटं नाही. आमच्याकडे तीन रंग असतात. लाल म्हणजे गाडी ताबडतोब, नारिंगी म्हणजे त्यानंतर, आणि पिवळा म्हणजे थांबू शकतात असे. पिवळ्यातले निम्मे नुसते घाबरलेले. त्यांचे किस्से मी जेवताना सांगते. एकाला वाटलं हृदय बंद पडतंय, तर शर्टाची कॉलर घट्ट होती. हे हसले, आणि मग जेवता जेवता विचारलं, "त्यांना कळतं का, तुम्ही त्यांना पिवळं म्हणता ते?"

२ जून

ह्यांनी परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली होती, हृदयाचा आलेख काढायला. आज सकाळी हळूच सांगितलं. मी रागावले नाही, नुसतं म्हटलं, "जा की. डॉक्टर सांगणार, ताण कमी करा. मग तुम्ही ताण कमी होत नाही याचा ताण घेणार." ते थोडा वेळ बूट हातात घेऊन बसले. मग फोन करून वेळ रद्द केली. म्हणाले, "तुझ्याशी बोललं की बरं वाटतं. काय उगाच."

मलाही बरं वाटलं. घरात कुणीतरी माझं ऐकतंय म्हणून असेल.

११ जून

मला पाळीप्रमुख केलं. साहेब म्हणाले, "तुम्ही हल्ली एवढ्या शांत कशा असता, बाकीच्यांनाही सांगा." आता मी फोन घ्यायचे नाहीत. मधल्या टेबलावर बसायचं आणि प्रत्येक फोनचं कार्ड स्क्रीनवर येतं ते तपासून रंग पक्का करायचा. कार्डावर फोन नंबर, ठिकाण, वय, लक्षणं. नाव नसतं. पहिल्या फोनवर नाव विचारायचं नाही हा आमचा जुना नियम. नावाने गाडी लवकर पोहोचत नाही, असं आधीच्या प्रमुख बाई म्हणायच्या.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात शिकते. आनंद झाला तिला. मग म्हणाली, "बाबा फोनवर धापा का टाकत होते?" म्हटलं, "लिफ्ट बंद आहे गं. तीन मजले चढून बघ."

२४ जून

हे आता दुसऱ्या मजल्यावर थांबून किल्ली शोधतात. म्हटलं, दार तर तिसऱ्यावर आहे! म्हणाले, "आधी शोधून ठेवलेली बरी." काय एकेक खोड लागते माणसाला.

काकूंची परीक्षा पुढच्या महिन्यात. स्टेडियमच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर सराव चालू आहे. मोठ्या रस्त्यावर त्यांना अजून नेलेलं नाही. हे म्हणतात, काकू चांगल्या चालवतात, फक्त स्वतःवर विश्वास नाही. "तुझं ते तयारीचं मी काकूंनाही शिकवलं. लगेच फरक पडला बघ." मला फार अभिमान वाटला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं निदान आमच्या घरात नाही.

८ जुलै

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. घड्याळात बारा वाजून पाच.

सकाळपासून उसंत नाही. गाड्या कमी, फोन दुप्पट. पूर्वीची मी असते तर एव्हाना दोन गोळ्या पोटात गेल्या असत्या. आज एकही नाही. एकोणीस पिवळी कार्डं स्वतः बघून पक्की केली, एकदाही हात अडखळला नाही. साहेब मागे उभे राहून बघून गेले.

एक कार्ड स्टेडियमच्या मागचं आलं. क्षणभर वाटलं, ह्यांच्या एखाद्या शिकाऊने कुणाला ठोकलं की काय. पण अपघात नव्हता. पुरुष, वय बावन्न, गाडीत बसून घाबरलेला. घाम, पण गाडीचा एसी बंद. छातीत दुखत नाही. पिवळा. संध्याकाळी ह्यांना सांगेन, तुमच्या रस्त्यावर तुमच्याच वयाचा एक बहाद्दर घाबरून बसला होता. हसतील.

३० जुलै

वरचं पान मी बावीस दिवसांनी आज वाचलं. फाडून टाकणार होते. फाडलं नाही.

ते हे होते.

लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा डोक्यात जुळवत बसायला नको. ११.३८ ला फोन आला. सावकाशताईने घेतला. ११.४१ ला मी पिवळा पक्का केला. १२.०४ ला त्याच नंबरवरून दुसरा फोन, माणूस शुद्धीवर नाही, तो दुसऱ्या मुलीने घेतला आणि लाल केला, कारण मी सुट्टीत होते. १२.०५ ला मी या वहीत 'उसंत नाही' असं लिहिलं. १२.१३ ला गाडी पोहोचली. काही उपयोग नव्हता.

नंबर मी ओळखला नाही कारण तो काकूंचा होता. शिकवताना हे स्वतःचा फोन बंद करून डिकीत टाकत, शिकाऊचं लक्ष जायला नको म्हणून. आणि मला फोन लागलाच नसता. पाळीत आमचे फोन लॉकरमध्ये असतात, हे त्यांना माहीत होतं.

२ ऑगस्ट

घरात माणसं होती तोवर बरं होतं. आज दीर त्यांच्या घरी परतले, लेकही गेली. तिची परीक्षा आहे. जाताना माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "आई, स्वतःला दोष देऊ नकोस. बाबांनी कधी सांगितलंच नाही कुणाला."

तिला वाटतं त्यांनी सांगितलं नाही.

मी गप्प बसले. पोरीने बाप गमावला आहे, तिची आईही आताच काढून घेऊ का, असं मनात आलं. हे कारण आहे की सबब, मला सांगता येत नाही.

६ ऑगस्ट

त्या फोनची ऑफिसातली चौकशी संपली. तीन ओळींचं पत्र आहे. फोन घेणाऱ्या आणि पाळीप्रमुख, दोघींनी नियमानुसार काम केलं. साहेब म्हणाले, "तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं." त्यांना हे सांत्वन वाटत होतं.

मी ध्वनिमुद्रण ऐकायला मागितलं. साहेब नको म्हणत होते. पण नातेवाइकांना तो हक्क आहे, मीच कितीजणांना अर्ज भरून दिला आहे. मागच्या छोट्या खोलीत बसले. सावकाशताई दाराशी उभी होती. आत ये म्हटलं तर आली नाही.

एक मिनिट पन्नास सेकंद.

"सावकाश बोला. कुठून बोलताय?"

"स्टेडियमच्या मागे. गाडीत आहे. बाजूला घेतलीय, इंडिकेटर लावलाय."

"वय किती? काय होतंय?"

"बावन्न. विशेष काही नाही हो. जरा घाबरल्यासारखं. घाम येतोय, पण आमच्या गाडीचा एसी बंद आहे."

"छातीत दुखतंय का?"

इथे चार सेकंद काहीच नाही. मी मोजले. मग ह्यांचा आवाज, "दुखत नाही तसं. जड वाटतंय. धडधडतंय. माझी मिसेस म्हणते, ते चांगलं असतं. शरीराची तयारी चाललेली असते."

सावकाशताई हसली आहे. छान, मायेनं. "बरोबर म्हणतात त्या. आम्हालाही इथे तेच शिकवलंय. गाडी पाठवते, पण वेळ लागेल हं. तोवर दीर्घ श्वास घ्या."

"घेतो. घाई नका करू. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असली तर आधी तिकडे जाऊ द्या."

इथे संपलं. कार्डावर आलं, छातीत दुखत नाही.

आपली बायको तिथेच काम करते, हे त्यांनी सांगितलं नाही. मला कारण माहीत आहे. पिवळ्या माणसांचे किस्से जेवताना सांगणारी मीच. आपलाही किस्सा होईल, माझ्या ऑफिसात माझी मान खाली जाईल, एवढंच आलं असणार त्यांच्या मनात.

७ ऑगस्ट

आज दिवसभर माझी छाती धडधडते आहे. तळहात ओले. तयारी चालली आहे म्हणे. कशाची? आता कशाची तयारी करायची राहिली?

१९ ऑगस्ट

कामावर जायला लागले. मीच पाळीप्रमुखाची खुर्ची सोडली, फोन घेते. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा ते बरं. 'छातीत दुखतंय का?' हे विचारायला जीभ उचलत नाही. विचारते. दिवसाला चाळीस वेळा. उत्तर 'नाही' आलं की मी पुन्हा विचारते, मग वेगळ्या शब्दांत विचारते, मग जड वाटतंय का, जबडा दुखतो का, जिन्यात थांबता का. समोरचा माणूस वैतागतो. माझा प्रत्येक फोन लांबतो आणि मागे रांग वाढते. त्या रांगेतही कुणीतरी असतं. नव्या प्रमुखाने आज दोनदा सांगितलं, "ताई, आवरतं घ्या."

डोकेदुखी परत आली. मागच्या खणातलं गोळ्यांचं पाकीट तिथेच होतं. मला चक्क बरं वाटलं, जुनं माणूस भेटल्यासारखं.

२६ ऑगस्ट

प्रशिक्षक पुन्हा आले होते. वह्या भरल्या का ते बघायला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाले, फार वाईट झालं. चेहरा खरंच उतरला होता. मी विचारलं, "तुम्ही सांगितलं ते खोटं होतं का?"

त्यांनी हातातल्या वह्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाले, "ताई, ते निरोगी माणसासाठी होतं. आधी तपासून घ्यायचं, हे मी गृहीत धरलं होतं. प्रत्येक वेळी सांगत नाही मी ते."

"आता सांगता का?"

"आता सांगतो."

त्यांच्यावर राग काढता आला असता तर किती बरं झालं असतं. पण त्यांच्या शिकवण्याने मी खरंच दोन महिने बरी होते, हे कसं नाकारू? औषध मला लागू पडलं आणि मी त्याच बाटलीतून ह्यांना पाजलं, न विचारता, न तपासता. त्यांनी तर तपासायची वेळसुद्धा घेतली होती.

सावकाशताईने नोकरी सोडली. जाताना माझ्याशी बोलली नाही. मी जाऊन बोलायला हवं होतं. गेले नाही.

४ सप्टेंबर

दुपारी बेल वाजली. दारात काकू. लिफ्ट चालू झाली आहे महिन्यापूर्वी, तरी त्या जिना चढून आल्या होत्या, का ते विचारलं नाही. हातात लायसन्स. पास झाल्या. मास्तरांना दाखवायचं राहिलं म्हणून मला दाखवायला आल्या होत्या. खिडकीतून खाली बोट दाखवलं. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत त्यांची गाडी अगदी सरळ लावलेली. "एका झटक्यात लावली," म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मी चहा केला. त्यांनी कप बाजूला सरकवला. "तुम्हाला एक सांगायचंय. मला झोप लागत नाही त्याने. हॉस्पिटल तिथून चार मिनिटांवर आहे. मोठ्या रस्त्याने सरळ. मी म्हटलं होतं, मास्तर, मी नेते तुम्हाला. खरंच नेलं असतं हो. तेवढं येत होतं मला."

"मग?"

"मास्तर म्हणाले, मोठा रस्ता अजून शिकवला नाही तुम्हाला. उगाच दोघं जाऊ. त्यांनी थांबायला सांगितलंय ना, मग थांबू या, त्यांना त्यांचं काम कळतं." काकूंनी डोळे पुसले. "मी दोनदा विचारलं. मला म्हणाले, अहो काकू, घाबरताय कशाला? तिथे माझी बायको बसलेली असते. सगळ्या गाड्या तीच तर पाठवते."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलेन, निदान रडेन, असं त्यांना वाटलं असणार. त्यांना चौकशीचं ठाऊक नाही, कार्डाचं ठाऊक नाही. जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुमच्यावर केवढा विश्वास होता त्यांचा." मी मान हलवली. त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि लिफ्टचं बटण दाबून दिलं.

मग लेकीला फोन लावला. आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिने उचलला, म्हणाली, "बोल आई." मी विचारलं, "जेवलीस का?"